‘इगो’ला दर वेळी ‘अहंकार’ म्हणावे का?

प्रश्न : एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या व्याख्यानाचा मराठी अनुवाद करते आहे. त्या अद्वैताच्या साधकही आहेत. एकदा म्हणतात, ‘इगो’ विरघळू द्या. पुढे म्हणतात, खचलेल्या माणसाचा ‘इगो’ आधी सावरावा लागतो. दोन्हीकडे ‘अहंकार’ लिहिले, तर दुसरे वाक्य भलतेच होते. काय लिहू?

प्रतिसाद १ : मानसशास्त्रात फ्रॉइडच्या ‘इड’, ‘इगो’, ‘सुपरइगो’साठी इदम्, अहम्, पराहम् अशी त्रयी रूढ आहे. ‘अहम्’ लिहा.

प्रतिसाद २ : पाठ्यपुस्तकात ‘अहम्’ चालेल, पण व्याख्यान ऐकणाऱ्याच्या कानावर तो ‘अहंकार’ म्हणूनच पडेल. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९२३ साली जर्मनमध्ये लिहिले ते साधे ‘दास इश’, म्हणजे चक्क ‘मी’. इंग्रजीत त्याचे लॅटिन ‘इगो’ झाले आणि मराठीत येताना आपण संस्कृतकडे वळलो. घरातला शब्द दोनदा परका झाला.

‘अहंकार’ही मुळात गर्व नव्हे. सांख्य या प्राचीन दर्शनाच्या मांडणीत तो बुद्धीतून निपजतो. ‘मी’ असा ठसा उमटवणारे ते तत्त्व. वेदान्तातही मन, बुद्धी, चित्त यांच्या पंक्तीला तो बसतो. पण आज कुणाला ‘अहंकारी’ म्हणून पाहा!

मला ‘मी’ आणि ‘मीपण’ ही जोडी योग्य वाटते. सावरायचा तो ‘मी’, विरघळायचे ते ‘मीपण’. मुंबईत खेतवाडीत अद्वैताचे गुरू निसर्गदत्त महाराज मराठीतच बोलत. ‘मी आहे’ या जाणिवेत राहा, ‘मी अमुक’ हे चिकटलेले सोडा, हा त्यांचा आग्रह. आपल्या बोलीत हा भेद आधीपासून आहे, तो वापरावा.

प्रश्नकर्ती : जोडी आवडली. मग मानसशास्त्रज्ञ युंगच्या ‘सेल्फ’ला ‘आत्मा’ म्हणू?

प्रतिसाद २ : कृपया नको. युंगचे ‘सेल्फ’ म्हणजे जाणीव आणि नेणीव (मनाचा आपल्याला न कळणारा भाग) मिळून होणारी समग्रता. ती स्वप्नांतून, प्रतीकांतून डोकावते. अद्वैतातला आत्मा त्या स्वप्नांचाही साक्षी. युंग १९३७-३८च्या भारतभेटीत मद्रासपर्यंत आला, पण तिरुवण्णामलैला अद्वैताचे ज्ञानी रमण महर्षी यांच्याकडे गेला नाही. ‘मी’ नसेल तर जाणीव कुणाला, हा त्याचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. ‘आत्मा’ लिहिले की हा प्रश्नच पुसला जातो. ‘समग्र स्व’ म्हणा.

‘नेणीव’ही जपून वापरा. संतांकडे ती अज्ञान आहे, युंगकडे अख्खे भांडार.

प्रतिसाद ३ : आणि ‘स्पिरिच्युअल बायपासिंग’? ‘आध्यात्मिक पळवाट’ वाचले आहे.

प्रतिसाद २ : जॉन वेलवुड या मानसोपचारतज्ज्ञाने १९८४ साली तो शब्द घडवला. पळवाटेत पळणाऱ्याला ठाऊक असते की आपण पळतो आहोत. इथे माणूस मनापासून साधना करत असतो आणि त्या भरात बापावरचा राग, जुना घाव तसाच राहून जातो. म्हणून मला ‘बगल देणे’ जवळचे वाटते : ‘अध्यात्माच्या नावाने दुःखाला बगल देणे’. अहंकार अज्ञान्याच्या फारसा मागे लागत नाही, जाणत्याच्याच गळ्याला झोंबतो, हे ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात सांगितलेच आहे. तिथे मात्र ‘अहंकार’ हाच शब्द हवा.

प्रश्नकर्ती : मग वाक्ये अशी केली : ‘मीपण विरघळू द्या, पण ज्याचा मीच खचला आहे, त्याला आधी उभे राहू द्या. नाहीतर तो दुःखाला बगल देईल आणि त्यालाच वैराग्य समजेल.’

प्रतिसाद १ : ‘अहम्’ मागे घेतो.