शिशाचा काजवा आणि पिण्याचं पाणी

तुरटी
परवा एका व्याख्यानाला गेले होते. विषय होता, चमकणाऱ्या पेरोव्स्काइट नॅनोस्फटिकांनी (एका ठरावीक रचनेच्या अतिसूक्ष्म स्फटिकांनी) पाण्यातली दूषितं ओळखणं. वक्त्यांनी यूव्ही टॉर्चखाली कुपी धरली, आत हिरवागार उजेड. तांब्याच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले, उजेड विझला. टाळ्या! मी मागून विचारलं, कुपीत द्रावक कोणतं? म्हणे हेक्झेन, म्हणजे पेट्रोलसारखं, पाण्यात न मिसळणारं. आता विहिरीत हेक्झेन असतं का?
बरं, हा पदार्थ म्हणजे सीझियम लेड ब्रोमाइड. वजनाच्या 36 टक्के शिसं. पिण्याच्या पाण्यात शिशाची आपली मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे लिटरभर पाण्यात यातला 1 मिलिग्रॅम विरघळला तरी मर्यादेच्या 36 पट. आणि पाणी लागलं की हे स्फटिक मोडतातच. रोगापेक्षा इलाज भयंकर. माझं मत स्पष्ट आहे: पाण्यासाठी यावर पैसे घालू नयेत.

कंदील
तुरटीताई, हिशोब बरोबर, पण तपासलेलं पाणी पितं कोण? एका पट्टीवर 10 मायक्रोग्रॅम स्फटिक धरा, शिसं झालं 3.6 मायक्रोग्रॅम. हजार पट्ट्या मिळून 3.6 मिलिग्रॅम. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत किलोंनी शिसं बसलंय, त्यावर धागा नाही काढलात.
लोक या पदार्थामागे का लागले तेही बघा. 2015 मध्ये झुरिकचे रसायनशास्त्रज्ञ कोवालेंको यांच्या गटाने हे नॅनोस्फटिक बनवले, तेव्हा शोषलेल्या प्रकाशातला 90 टक्क्यांपर्यंत परत बाहेर पडत होता. वर ब्रोमाइडच्या जागी क्लोराइड घुसलं की रंग निळ्याकडे सरकतो, आयोडाइड घुसलं की लालकडे. नुसतं मंद-प्रखर नाही, रंगच बदलतो. असा पदार्थ सेन्सरवाल्यांच्या हाती रोज लागत नाही. राहिलं पाणी, तर सिलिकाचं किंवा पॉलिमरचं कवच चढवता येतं.

तुरटी
कवचाने पाणी अडवलं, तर तांबं आत कुठून जाणार? दार बंद करून पाहुण्याची वाट बघायची?

कंदील
आत जायची गरज नसते दर वेळी. कवच काही नॅनोमीटरचंच असलं तर बाहेर चिकटलेला रेणूही आतली ऊर्जा ओढून घेऊ शकतो. पण मान्य, पातळ कवच गळतं आणि जाड कवच बहिरं असतं. भांडण तिथेच आहे.

मोजपट्टी
मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. माझा आक्षेप शिशावर नाही, विझण्यावर आहे. तांबं विझवतं, पारा विझवतो, ओल विझवते, जास्त वेळ प्रकाशात ठेवलं तरी चमक उतरते. घरातला दिवा गेला म्हणून फ्यूजच उडाला असं नसतं, लाइटही गेलेली असते. कशामुळे विझला, हे पट्टी सांगत नाही.
गावात फील्ड टेस्ट किट घेऊन बायका तपासणी करतात. नमुना घ्यायचा, थेंब टाकायचे, आलेला रंग कार्डाशी लावून बघायचा. तिथे "उजेड कमी झाल्यासारखा वाटतो" हे उत्तर कसं चालेल? उन्हात तर काहीच दिसणार नाही. पीपीबीचे (अब्ज भागांत एक भाग) आकडे लेखात शोभतात, तेही डिस्टिल्ड वॉटरमध्ये. आमच्याकडे येणाऱ्या बोअरच्या पाण्यात क्षारच इतके, की किटलीत पांढरा थर बसतो.

कालवा_आम्स्टरडॅम
मोजपट्टी, मग उलटं करा की. इथल्या अ‍ॅमोल्फ संस्थेतल्या लोकांनी 2023 मध्ये तेच दाखवलं. पेरोव्स्काइट आधी बनवायचंच नाही. संशयित जागेवर मिथाइल अमोनियम ब्रोमाइडचं द्रावण फवारायचं. शिसं असलं तर त्याच्यापासूनच पेरोव्स्काइट तयार होतं आणि यूव्ही टॉर्चखाली हिरवं चमकतं. चौरस मिलिमीटरला नॅनोग्रॅमइतकं शिसंही दिसतं. इथे दिवा विझत नाही, लागतो. आणि आपण पदरचं शिसं घालत नाही.

तुरटी
हे मस्त आहे, खरंच. जुन्या दारं-खिडक्यांच्या रंगाला उपयोगी पडेल. पण हे पृष्ठभागाचं झालं. मी पाण्याचं विचारतेय. बिनशिशाचं का नाही बनवत?

कंदील
बनवतात. बिस्मथचे बहुतेक मंद पडतात, कथलाचे हवेत ऑक्सिडाइज होतात. शिशाएवढी चमक कुणी सहज देत नाही, हीच तर पंचाईत.

कढई
तुम्ही सगळे पाण्यापाशी का अडलात? हे स्फटिक तेलकट पोटाचे. ओलिक आम्लात, ओलिलअमाइनमध्ये जन्मलेले. त्यांना तेलात सोडा, सोबत थोडं आयोडाइड घाला! खवट तेलातली पेरॉक्साइडं आयोडाइड खाऊन टाकतात, मग स्फटिकात आयोडाइड कमी शिरतं आणि रंग लालकडे कमी सरकतो. त्यावरून तेल किती खराब झालं ते कळतं. उगाच जबरदस्तीने कवच घालायला नको. तळणाच्या तेलाला पोलर घटकांची (तेल तापून बिघडलं की वाढणाऱ्या पदार्थांची) 25 टक्क्यांची मर्यादा 2018 पासून आहे, पण गाडीवर जाऊन मोजतं कोण? हे त्या आकड्याचं मोजमाप नव्हे, मला माहीत आहे. पण चार दिवसांचं काळं तेल आणि आजचं तेल यांतला फरक टॉर्चखाली दिसला तरी खूप झालं.

मोजपट्टी
तेलाला सहमत. पाण्याला अजून नाही.

तुरटी
तेलाला माझा विरोध नव्हताच. पण तपासलेलं तेल वडेवाल्याने परत कढईत ओतलं तर?

कढई
ड्रॉपरने दोन थेंब काढायचे, वेगळ्या कुपीत. ते कोण परत ओततंय? बाकी ती कुपी नंतर टाकायची कुठे, हे या धाग्यावर अजून कुणीच सांगितलेलं नाही. कंदील, तुम्हीच बोला.