अपिलानंतरचे दोन सेकंद: महिला पंच, आपली मैदानं आणि तुमचे अनुभव

१४ डिसेंबर २०२३. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत-इंग्लंड महिला कसोटी सुरू झाली. दीप्ती शर्माचे ७ धावांत ५ बळी, तिसऱ्या दिवशी जेवणाच्या आत १३१ वर आटोपलेलं इंग्लंड, ३४७ धावांनी मिळालेला विजय, हे सगळ्यांना आठवतं. मी बघत होते ती पंचांच्या जागी उभ्या असलेल्या वृंदा राठींकडे. महिला कसोटीत पंच म्हणून उभी राहिलेली ती पहिली भारतीय स्त्री, आणि आपल्या नवी मुंबईची. अपील झालं की अख्खं मैदान तिच्याकडे वळायचं आणि ती घाई करायची नाही.

ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी पंचगिरी केली, स्कोअरची वही सांभाळली, घरातल्या मुलीला त्या वाटेने जाताना पाहिलं, त्यांनी लिहावं. हारतुरे नकोत, मैदानात काय झालं ते सांगा.

ठाण्याहून, पूर्वीची स्कोअरर

मी सात वर्षं स्कोअरर होते. लोकांना वाटतं, टेबलाशी बसून आकडे लिहायचे. पण पंचांनी चौकार, बाय, लेगबाय काहीही दाखवलं की आपण हात वर करून पोच द्यायची असते, आणि ती मिळेपर्यंत पुढचा चेंडू पडू द्यायचा नसतो. म्हणजे दिवसभर पंचांवर सगळ्यात बारीक नजर असते ती आमची. राठीताई अशाच टेबलावरून उठून आत गेल्या. २०१३च्या महिला वर्ल्ड कपला त्या स्कोअरर होत्या, तिथे न्यूझीलंडच्या कॅथी क्रॉस पंच होत्या. क्रॉसना बघून राठीताईंनी पंचगिरीचं मनावर घेतलं. क्रॉस २०१४ साली आयसीसीच्या पंच पॅनेलवर आलेल्या पहिल्या स्त्री.

हे वाचलं आणि मीही परीक्षेला बसले. लेखी निघाली. तोंडीला विचारलं, 'टप्पा लेग स्टंपबाहेर, फलंदाजाने फटका मारायचा प्रयत्नच केला नाही, चेंडू यष्ट्यांवर जातोय. काय द्याल?' मी म्हटलं, आउट. चूक. टप्पा लेगबाहेर असला तर पायचीत नाहीच, फटका मारो वा न मारो. फटक्याचा प्रश्न येतो तो चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पॅडला लागला तर. नियम पाठ होता हो, पण समोर तिघे बसले की मेंदू दुसरंच पान उघडतो. दुसऱ्या वर्षी पास झाले. तो प्रश्न अजून झोपेत विचारला तरी चालेल.

कोपरखैरणेहून

माझा तिसरा सामना. पुरुषांची रविवारची स्पर्धा, सीझन बॉल. मैदानावर पोचले तर एका संघाच्या कप्तानाने विचारलं, "मॅडम, अंपायर कधी येतायत?" मी बॅगेतून बेल्स काढून दाखवल्या.

अकराव्या षटकात तोच स्ट्राइकला होता. ऑफस्पिनरचा चेंडू टप्पा पडून सरळ राहिला आणि मधल्या यष्टीसमोर त्याच्या पॅडवर आदळला. गोलंदाज ओरडत वळला. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. आमच्या सरांनी शिकवलं होतं, 'अपील ऐकू नकोस, चेंडू परत बघ.' टप्पा कुठे? सरळ रेषेत. बॅट लागली? नाही. कुठे लागला? यष्टीसमोर. पुढे कुठे जात होता? यष्टीवरच. मग बोट वर केलं.

तो हललाच नाही. "मॅडम, तुम्ही स्कोअरिंग करा," म्हणाला. पुढे जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मी बोट खाली घेतलं नाही, उत्तरही दिलं नाही. स्क्वेअर लेगचे माझे सहकारी, वयाने वडिलांएवढे, संथ चालत आले आणि माझ्या शेजारी नुसते उभे राहिले. एक शब्द नाही. मग तो गेला. संध्याकाळी मी अहवालात सगळं लिहिलं. दोन महिन्यांनी तोच कप्तान दुसऱ्या मैदानावर भेटला आणि नाणेफेकीआधी म्हणाला, "गुड मॉर्निंग, अंपायर." मॅडम नाही, अंपायर. घरी जाताना ठाणे-नेरूळ लोकलमध्ये मी डोळे पुसत बसले होते, हे कोणाला सांगितलं नव्हतं.

ठाणे, निवृत्त पंच, वय ६८

मी सेंट्रल मैदानावर खूप वर्षं उभा राहिलो. खरं सांगतो, बायकांना हे झेपणार नाही असं मी तोंडावर म्हणायचो. कसोटीच्या दिवसाला ९० षटकं. प्रत्येक चेंडूला आधी गोलंदाजाचा पाय क्रीजवर बघायचा आणि लगेच नजर उचलून समोर टप्पा पकडायचा. पंधरा मिनिटं डोकं भरकटलं की संपलं. याला दंडातली ताकद लागत नाही, हे मला उशिरा कळलं. जानेवारी २०२३ मध्ये राठी, जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन पुरुषांच्या रणजी सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिल्या. राठींचा सामना गोव्यात, पर्वरीला होता. तेव्हा माझ्या मतांची मला लाज वाटली. आता दर शनिवारी दोन मुलींना विनामूल्य नियम शिकवतो.

ऐरोलीहून, आई

मोठमोठ्या गोष्टी झाल्या, मी साधी सांगते. मैदानावर बाईसाठी संडास नसतो. माझी मुलगी सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. आयोजकांना विनंती केली तर म्हणाले, शेजारच्या हॉटेलात सांगून ठेवतो. पंधरा मिनिटं चालून जायचं आणि चहापान वीस मिनिटांचं. ज्या संघटना मुलींना बोलावतायत त्यांनी आधी एक दार आणि एक कडी द्यावी.

ठाण्याहून, स्कोअरर (पुन्हा)

ऐरोलीच्या काकू, तुमच्या लेकीला सांगा, सामना मिळाला की आदल्या दिवशीच सचिवांना फोन करून विचारायचं. मी आता तसंच करते. दोन ठिकाणी किल्ली मिळाली.

ऐरोलीहून, आई

सांगते. ती आत्ता चेंडू मोजायचा सराव करतेय. काउंटर तुटलाय, म्हणून सहा खडे घेतलेत, एकेक डाव्या खिशातून उजव्या खिशात.