तांत्रिक सहकार्य प्रकल्पात सुगम्यतेची निष्पत्ती कशी लिहावी?

नियोजनकक्ष:
नमस्कार मंडळी. दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय तांत्रिक सहकार्याचा मसुदा तयार होतोय. क्षेत्र म्हणजे एक मध्यम शहर आणि त्यावर अवलंबून असलेली गावं. नमुना काम बसस्थानक ते रुग्णालय या पट्ट्यात. तज्ज्ञ आणि प्रशिक्षण सहकारी देशाचं, बांधकामाचा खर्च स्थानिक. सुगम्यतेखाली (अपंगांना अडथळ्याविना वापर) सध्या एकच ओळ आहे: '३० अभियंत्यांना प्रशिक्षण'. त्याजागी काय लिहावं? आणि मानक कुणाचं धरावं?

आराखडा:
प्रशिक्षण ही कृती आहे, तिला निष्पत्तीच्या रकान्यात ठेवू नका. शिकलेल्यांच्या बदल्या झाल्या की प्रकल्पाचं काहीच उरत नाही. निष्पत्ती अशी लिहा: 'गावातून बसने आलेली, चाकांची खुर्ची वापरणारी व्यक्ती कुणी न उचलता रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपर्यंत पोचते.' मग या वाटेचे तुकडे पाडा: बसची पायरी, फलाट, पदपथ, रस्ता ओलांडायची जागा, रॅम्प, दार, शौचालय, खिडकी. यातला एक जरी अडला तरी बाकीच्यांवरचा खर्च वाया जातो, म्हणून मोजमाप इमारतींचं नको, अखंड वाटेचं हवं. सुरुवातीला आणि शेवटी तीच वाट, तोच तक्ता.

पाहणीत अपंग व्यक्तींच्या संघटना हव्यातच, आणि त्यांचं मानधन अंदाजपत्रकात. सहकारी पक्षाने का-कू केली तर संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं कलम ३२ दाखवा. आंतरराष्ट्रीय सहकार्य अपंगांना सामावून घेणारं असावं, हे त्यात स्पष्ट आहे. बांधलेल्या परिसराबद्दल कलम ९.

फरसबंदी:
मानकाचं: देशाची बंधनकारक नियमावली आधी. ती जिथे गप्प आहे तिथे बांधलेल्या परिसराच्या सुगम्यतेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २१५४२ (२०२१ ची आवृत्ती), आणि स्पर्शफरशांना, म्हणजे अंध व्यक्तींना पायाने किंवा काठीने वाट कळावी म्हणून बसवलेल्या उंचवट्यांच्या फरशांना, आयएसओ २३५९९. दोन देशांचे नमुने मात्र एका वाटेवर मिसळू नका. स्पर्शफरशी १९६७ मध्ये जपानच्या ओकायामात पहिल्यांदा बसली आणि जगभर पसरताना तिचे प्रकार वाढले. ब्रिटनमध्ये उंचवट्यांची ठेवण बदलली की अर्थही बदलतो. लांब पट्ट्या चालत राहायला, गोल उंचवटे सावध करायला, एवढा भेद तरी सगळीकडे एकच ठेवा. चेंबरचं झाकण वाटेत आलं की ठेकेदार तिथे फरशांची ओळ तोडतो. त्यामुळे झाकणांची जागा आखणीआधीच नोंदवून ओळ बाजूने न्या.

खरी गोम निविदेत आहे. 'रॅम्प, १ नग' असं लिहिलं की जागेत मावेल तेवढा तीव्र उतार मिळतो. बाब अशी लिहा: चढ ४५० मिमी, उतार १:१२ (१ चढाला १२ लांबी), लांबी ५.४ मी, वर-खाली प्रत्येकी १.५ मी सपाट, म्हणजे सरळ रेषेत ८.४ मी. तेवढी जागा नसेल तर ते नकाशावरच कळतं आणि वळणाचा रॅम्प आखता येतो. वरच्या सपाट भागावर दार बाहेर उघडत नाही ना, तेही पाहा.

नियोजनकक्ष:
पट्ट्यात एक जुना रॅम्प आहे, ४५० मिमीला ४.५ मी. पुढे मोकळी जागा जेमतेम ३ मी. पाडावा लागेल?

फरसबंदी:
१:१० होतोय, आहे तसा स्वीकारू नका. पण पाडायची गरज दिसत नाही. पायथा ७५ मिमीने उचला आणि रॅम्पवर वर निमुळता होत जाणारा काँक्रीटचा थर द्या. चढ ३७५ उरला की त्याच ४.५ मीटरमध्ये १:१२ बसतो. उचललेले ७५ मिमी पुढे १:२० ने उतरवायला १.५ मी, त्याआधी १.५ मी सपाट; तुमचे ३ मी बरोबर पुरतात. थर पातळ टोकाला लवकर उखडतो, म्हणून तिथे जुना पृष्ठभाग खाचून घ्या. पाणी भिंतीकडे वळणार नाही अशी आडवी ढाळ द्या, पण १:५० पेक्षा जास्त नको. कठडाही नव्या उंचीला जुळवा.

आराखडा:
एक भर. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की पदपथाच्या उताराशी जुळलेली पातळी बिघडते, चाक अडतं आणि पाणी साचतं. जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकायचा नाही, ही अट रस्ते विभागाच्या सहीने सहकार्य करारातच घ्या. देणगीत लिफ्ट येणार असेल तर सुटे भाग आणि देखभाल कोण, किती वर्षं, हेही त्याच पानावर.