मदत हवी आहे: १९९६ ची मारुती ८००, सकाळी निळा धूर. पिस्टनच्या रिंगा (कड्या) की व्हॉल्व्हवरचे ऑइल अडवणारे सील?

बाबांची १९९६ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. तेच जुनं एफ८बी इंजिन: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. इतक्या वर्षांत रस्त्यात एकदाही दगा दिलेला नाही, म्हणून विकायचा विषय घरात काढायची सोय नाही.

हल्ली सकाळी पहिला सेल्फ मारला की सायलेन्सरमधून निळसर, म्हणजे ऑइल जळल्याच्या, धुराचा भपका येतो, मिनिटभरात थांबतो. खंबाटकी घाट चढताना काहीच नाही. पण उताराला पाय काढून पुन्हा रेस दिली की आरशात परत तोच निळा धूर. प्लग काढून पाहिले: एकाच्या आट्यांवर ओलं काळं ऑइल, बाकी दोन कोरडे, विटकरी.

मेकॅनिक म्हणतो, इंजिन उतरवा, सिलिंडर बोअर करून (आतून कापून मोठे करून) रिंगा-पिस्टन टाका. मला पटत नाही, माझा संशय व्हॉल्व्ह सीलवर आहे. रिंगा गेल्या असत्या तर चढावर लोड आल्यावरही धूर दिसला असता ना? कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा, आकडा वाढला तर रिंगा, असं म्हटलं तर तो नुसता हसला.

सिलिंडरला हवेचं प्रेशर देऊन, हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न उतरवता व्हॉल्व्ह सील बदलतात असं ऐकलंय. सातारा-पुणे भागात कोणी करून घेतलंय का? साधारण खर्च किती आला?

आणि जाता जाता: ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर कार्ब्युरेटरची गाडी चालवणाऱ्यांनी रबरी नळ्या, डायफ्राम (पंप-कार्ब्युरेटरमधले रबरी पडदे) बदलले का? कुठले टाकले?