नाताळच्या उपासनेत नेत्याचा सत्कार: तुम्हाला पटतं का?

धागाकर्ता (अमरावती जिल्हा)
25 डिसेंबरला आमच्या खेड्यातल्या चर्चमध्ये सकाळची उपासना होती. पाळकसाहेबांचा संदेश रंगात आला, तेवढ्यात फाटकाशी गाड्यांचा ताफा. नेते आले. सोबत कार्यकर्ते, फोटोवाला, केक. पाळकांनी बायबल मिटलं. शाल, श्रीफळ झालं, केक वेदीच्या पायरीवरच कापला, मग माईक. शुभेच्छा दोन वाक्यांत आटोपल्या. बाकी सगळं कोणत्या रस्त्याला किती निधी आणला याचं. संडे स्कूलची पोरं मेंढपाळ बनून, अंगावर घोंगड्या घेऊन दाराशी ताटकळली. नेते निघाले तर निम्मी मंडळी त्यांना पोचवायला बाहेर, आणि प्रभुभोजन घाईघाईत उरकलं. फाटकावरच्या फ्लेक्सवर बाळ येशू कोपऱ्यात, नेते मधोमध, खाली इच्छुकांची रांग.

नेत्याने जरूर यावं, बाकावर बसावं, गीत येत असेल तर म्हणावं. पण उपासना त्याच्यासाठी थांबू नये. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपल्याच बायबलात आहे ना? सोन्याची अंगठीवाला सभेत आला की त्याला मानाची जागा आणि गरिबाला 'तू तिकडे उभा राहा', असं करू नका म्हणून.

मंडळीतला जुना पंच
बाबू, तू नोकरीला बाहेर, नाताळपुरता येतोस. गावात आपली मूठभर घरं. पावसाळ्यात मयत गुडघाभर चिखलातून न्यावी लागते, ती नेणारे आम्ही. खासदार निधी चर्चच्या आत लावता येत नाही, पण दफनभूमीला लागतो, आणि तो मागायला आम्हालाच जावं लागतं. उद्या प्रार्थनेत कोणी गोंधळ घालायला आलं तर फोन कोणाला लावू? एका शालीवर दार उघडं राहत असेल तर मी दोन घालीन.

वऱ्हाडी गडी
काहून तरास करून घेता राजेहो! आमच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन सुरू असते, नेता आला का महाराज मधातच थांबतेत. शाल झाली, फोटो झाला का पुन्हा 'विठ्ठल विठ्ठल'. सगळीकडे हेच चालू हाय, तुमचं चर्च तरी काहून सुटन?

मोझरीजवळचा
सगळीकडे नाही हो भाऊ. गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला बरोबर 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. महाराज गेले ती वेळ. मंत्री मंचावर असो की वाटेत अडकलेला असो, ती वेळ कोणासाठी पुढे सरकत नाही. आणि तिथे नेते रुसून यायचे थांबलेत असंही नाही!

काळा कोट
धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा 1988 चा कायदा वाचा. संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरू दिली तर व्यवस्थापकासकट त्यात सामील प्रत्येकाला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. म्हणजे माईक नेत्याने धरला तरी मान पंचांचीही अडकते.

मंडळीतला जुना पंच
वकीलसाहेब, शुभेच्छा देणं म्हणजे प्रचार का?

काळा कोट
नुसत्या शुभेच्छा असत्या तर नाही म्हटलं असतं. निधीचे आकडे आणि फाटकावर इच्छुकांची रांग, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

यवतमाळची ताई
भाषण ठोकायचंच होतं तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशावर ठोकायचं. अनुसूचित जातीचा दर्जा शीख झालेल्यांना 1956 मध्ये, बौद्धांना 1990 मध्ये मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही नाही. त्यावर चकार शब्द नाही आणि केक कापायला सगळे पुढे. आणि पंचकाका, राग मानू नका, पण निधी सरकारचा आहे. दफनभूमीचा रस्ता हा आपला हक्क, त्यासाठी उपासना कशाला तारण ठेवायची?

धागाकर्ता
ताईंशी सहमत. काका, मी मंडळीच्या सभेत ठराव मांडतो: सत्कार करायचा तर शेवटच्या आशीर्वादानंतर, अंगणात, आणि फ्लेक्स आवाराबाहेर. पाळकसाहेबांनाही बरंच होईल. नेत्याला 'थांबा' म्हणायला त्यांच्या हाती कागद तरी राहील.

मंडळीतला जुना पंच
मांड. मी विरोधात मत देईन, पण मांड. आणि ठराव झाला तर रस्त्याचा अर्ज घेऊन कलेक्टर कचेरीत तूच जायचं. रजा काढून ठेव.