तबल्यात विशारद (पदवीच्या तोडीची परीक्षा) झालं, क्लास काढायचाय: तबले कोणत्या स्वराचे घ्यावेत?

लग्गी: सहा मुलं आहेत, वय ८ ते १४. सगळे तबले काळी चारचे (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वराचे) घेऊ का? साथीलाही जायचंय.

धिरधिर: मुलांसाठी हो. साधारण सव्वापाच इंची पुडी (तबल्याचं वरचं कातडं) लहान हाताला झेपते आणि गायिकांच्या साथीलाही चालते. पण पुरुष गायकांसाठी काळी एकचा, पावणेसहा इंचाच्या आसपासचा, वेगळा हवाच. काळी चारचा तबला उतरवून तिथे नेलात तर वाद्या (पुडी ताणणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या) सैल पडतात, चाट (पुडीची कड) बोलत नाही. वर्गातले सगळे एकाच स्वरात ठेवा, नाहीतर वर्गात नुसता गलका!

गजरा१६: स्वरात लावताना आधी गठ्ठ्यांनी (वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांनी) स्वराच्या जवळ आणा, मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडी. एक घर (गजऱ्याचा वाद्यांमधला भाग) चढवलं की लगेच समोरचं, गोल फिरत जाऊ नका, पुडी एका बाजूला ओढली जाते. शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) हातोडी कधीच नाही. पावसाळ्यात पुडीचा स्वर उतरतो. तेव्हा घाईने ताणून ठेवलेली पुडी कोरड्या हवेत फाटते.

लग्गी: आणि परीक्षा?

धिरधिर: गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, म्हणजे पहिली परीक्षा, पण घाई नको. आधी हातावर टाळी-खाली धरून तीनतालाची दुगुन (दुप्पट लय) म्हणता यावी. बोल तोंडात नसतील तर लेहऱ्यावर (पेटीवर फिरत राहणाऱ्या धुनेवर) मूल हमखास सम (तालाची पहिली मात्रा) चुकतं.