सेफ्टी स्टॉकवर पदव्युत्तर प्रकल्प: डेटा आहे, पण संशोधनाचा प्रश्न कसा मांडू?

बोरू_२४
नमस्कार. पुरवठा साखळी व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी सुट्या भागांचा डेटा मिळाला आहे: १८ महिने, साधारण १,२०० आयटम, रोजची विक्री, शिवाय पीओ (खरेदी ऑर्डर) आणि जीआरएनच्या (माल आल्याची पावती) नोंदी. हातात १४ आठवडे आहेत. मशीन लर्निंगने मागणीचा अंदाज सुधारायचा आणि सेफ्टी स्टॉक (अनिश्चिततेसाठी ठेवलेला जादा साठा) कमी करून दाखवायचा, असं ठरवलं होतं. मार्गदर्शक विचारतात, "यात संशोधनाचा प्रश्न कुठे आहे?" शिवाय निम्म्याहून जास्त आयटमची विक्री बहुतेक दिवशी शून्य आहे, त्यामुळे मेप (MAPE, प्रत्यक्ष विक्रीला भागून काढलेली सरासरी टक्केवारी चूक) काढताच येत नाही. विषय कसा आवळू?

आकडेमोड
अंदाज सुधारला की सेफ्टी स्टॉक उतरतो, हे गृहीतकच आधी तपासा. एक आयटम घेऊ. रोजची मागणी सरासरी ४०, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) १२. लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा काळ) सरासरी ९ दिवस, त्याचं प्रमाण विचलन ३ दिवस. लीड टाइममधल्या मागणीचा व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) = ९ × १२² + ४०² × ३² = १,२९६ + १४,४००. वर्गमूळ १२५ च्या आसपास. ९५ टक्के सर्व्हिस लेव्हलसाठी (१०० पैकी ९५ ऑर्डर-फेऱ्यांत साठा संपू नये) झेड, म्हणजे प्रमाण विचलनाला गुणायचा आकडा, १.६४५; म्हणजे सेफ्टी स्टॉक २०६ नग.

आता अंदाज इतका सुधारला असं धरा की १२ चे ६ झाले. सेफ्टी स्टॉक २०० वर येतो. सगळ्या खटाटोपाचे सहा नग! उलट अंदाज आहे तसाच ठेवून लीड टाइमचं विचलन ३ वरून १ दिवसावर आणलं, तर ८९ पुरतात.

तुमचा प्रश्न इथेच आहे: कोणत्या आयटमचा साठा मागणीच्या चढउतारामुळे अडकला आहे आणि कोणत्यांचा पुरवठादाराच्या अनियमितपणामुळे? वरच्या बेरजेतल्या दोन्ही पदांचं (मागणीचं १,२९६, लीड टाइमचं १४,४००) गुणोत्तर प्रत्येक आयटमसाठी काढा. मागणी आणि लीड टाइम एकमेकांवर अवलंबून नाहीत आणि एका दिवसाची मागणी दुसऱ्या दिवसापासून स्वतंत्र आहे, असं हे सूत्र धरून चालतं. तुमच्या डेटात ते टिकतं का, हे तपासणं हाही प्रकल्पाचाच भाग.

जुनी_वही
वरच्याशी सहमत. मागणीच्या बाजूचं सांगते. विक्री म्हणजे मागणी नव्हे. साठा शून्य होता त्या दिवशीची शून्य विक्री "मागणी नव्हती" म्हणून मॉडेलला दिली, तर अंदाज खाली येतो, त्यावरून ऑर्डर कमी जाते आणि साठा पुन्हा संपतो. म्हणून आरंभीचा साठा + जीआरएन − विक्री असं करत रोजचा अखेरचा साठा उभा करा आणि साठा संपलेले दिवस वेगळे काढा. परतावे आणि स्टॉक दुरुस्तीच्या नोंदी राहून गेल्या, तर हा आकडा उणे जातो. उणे दिसला की तिथेच थांबून कारण शोधा.

मग वर्गवारी. दोन मागण्यांमधलं सरासरी अंतर १.३२ कालखंडांपेक्षा जास्त असेल, तर मागणी तुरळक. मागणीच्या आकाराच्या विचलन गुणांकाचा (प्रमाण विचलन भागिले सरासरी) वर्ग ०.४९ च्या वर असेल, तर आकारही बेभरवशाचा. तुरळक आयटमसाठी १९७२ ची क्रॉस्टन पद्धत (मागणीचा आकार आणि दोन मागण्यांमधलं अंतर यांचा वेगवेगळा अंदाज) घ्या, पण ती अंदाज चढा देते. म्हणून सिंटेटोस-बॉयलन दुरुस्ती लावा: निकालाला (१ − अल्फा/२) ने गुणायचं; अल्फा म्हणजे त्या पद्धतीत ताज्या नोंदीला दिलेलं वजन.

मेप सोडा. पण मेसही (MASE, सरासरी निरपेक्ष चुकीवर आधारलेलं माप) डोळे झाकून घेऊ नका. निम्म्याहून जास्त शून्यं असलेल्या मालिकेत "कायम शून्य" हा अंदाज सरासरी निरपेक्ष चूक सर्वांत कमी ठेवतो, म्हणजे सर्वांत निरुपयोगी मॉडेल पहिलं येतं. चुकीच्या वर्गावर आधारलेलं आरएमएसएसई (RMSSE) वापरा. आणि १८ महिन्यांत वर्षाचा हंगाम एकदाच पुरता दिसतो, तेव्हा वार्षिक हंगामीपणाचा दावा करू नका.

बोरू_२४
गुणोत्तर काढायला घेतलं. काही पीओंचा लीड टाइम उणे येतोय, आणि एका पीओवर तीन-तीन जीआरएन आहेत. कोणती तारीख धरू?

आकडेमोड
उणे म्हणजे बहुधा माल आधी आला आणि पीओ नंतर कागदोपत्री केला. त्या ओळी गाळा, पण किती गाळल्या ते प्रबंधात लिहा. तीन जीआरएन असतील तर पीओच्या प्रत्येक ओळीची दोन मापं काढा: पहिला माल आला ती तारीख आणि ९५ टक्के माल पोचला ती तारीख. दोन्हींचे निकाल शेजारी ठेवा. प्रॉमिस तारीख (पुरवठादाराने कबूल केलेली) वापरू नका; पुरवठादाराने नवी तारीख कळवल्यावर ती अनेकदा सिस्टिममध्ये बदलली जाते आणि मूळ तारीख हरवते. मग सगळेच वेळेवर दिसतात. आणि सरासरी काढण्याआधी हिस्टोग्राम पाहा. दोन उंचवटे दिसले तर बहुधा दोन वेगळे मार्ग किंवा दोन पुरवठादार एकत्र मिसळलेत.

कप्पा_क्र_७
एकच भर. "९५ टक्के" म्हणजे काय, ते पहिल्याच प्रकरणात ठरवा. वरच्याच उदाहरणात प्रत्येक ऑर्डर ४०० नगांची असेल, तर २०६ नगांच्या सेफ्टी स्टॉकला फिल रेट (मागणीतला साठ्यातून लगेच पुरवलेला वाटा) ९९.३ टक्क्यांच्या आसपास येतो. ९५ टक्के फिल रेटच हवा असेल, तर साधारण ७९ नग पुरतात. मूळ धोरण एका मापाने आणि सुचवलेलं दुसऱ्याने मोजलं, तर बचत फुगून दिसते, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

पडताळणीसाठी पहिल्या १२ महिन्यांवर मापदंड बसवा आणि उरलेले ६ महिने रोजच्या रोज खेळवून पाहा. रोज त्या दिवसापर्यंतचीच माहिती वापरायची. पुढच्या महिन्याची सरासरी चुकून आत आली की निकाल बाद. दोन्ही धोरणांना आरंभीचा साठा सारखाच द्या आणि सुरुवातीचे दोन लीड टाइमइतके दिवस मोजणीतून वगळा. माल नसेल तर ग्राहक तो येईपर्यंत थांबतो की निघून जातो, हेही आधीच ठरवा. सुट्या भागांत दोन्ही घडतं, म्हणून दोन्ही तऱ्हांनी चालवून पाहा.